आईचा विमा आणि बिबड्यांचा डबा

जळगावच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांची आयकर विवरणपत्रं एकच करसल्लागार भरतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दर वर्षी फॉर्म सोळा त्यांच्या टेबलावर ठेवला की ते विचारायचे, "आईचा आरोग्य विमा मागच्यासारखाच धरू ना?" मी मान हलवायचो. चहा येईपर्यंत काम उरकलेलं असायचं. तीन वर्षं ती वजावट मी अशीच घेतली.

चौथ्या वर्षी नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"यंदा पॉलिसीचा नंबर टाकावा लागतो. कंपनीचं नावही. कागद आणलाय?"

"घरी आहे."

"आणि हप्ता तुमच्याच खात्यातून जातो ना? उद्या कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे."

"आणतो," म्हणालो आणि चहा न घेताच जिना उतरलो.

कागद खरंच घरी होता. पण हप्ता भरणाऱ्याच्या जागी त्यावर माझं नाव नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं.

बहीण धुळ्याला शाळेत शिकवते. वडील गेल्यावर तिनं आईचा विमा उतरवला. आई चोपड्याला एकटी राहते आणि वळणानं जुनी आहे. लेकीकडे गेली तर दोन दिवसांच्या वर थांबत नाही, आणि निघताना नातीच्या मुठीत नोट कोंबून जेवणाची फेड करून येते. लेकीच्या पैशाचा विमा तिनं घेतलाच नसता. म्हणून बहिणीनं तिला सांगितलं, भाऊनं काढलाय. आईनं तो इंग्रजी कागद जपून ठेवायला माझ्याकडेच दिला. म्हणाली, "तू भरस, मंग माले काय काळजी शे?"

मला विम्याचं कळलं ते तेव्हा. मी बहिणीला फोन केला.

"राहू दे भाऊ," ती म्हणाली. "माझं नाव कळलं तर ती बंद करायला लावेल. तू फक्त गप्प बस."

गप्प बसणं मला जमलं. इतकं की त्या वर्षी नानांनी आईवडिलांच्या विम्याचं विचारलं, तेव्हा मी कागदावरचा आकडा सांगून टाकला. घरकर्ज डोक्यावर आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच, की बहिणीनं मला आईपुढे मोठेपणा दिला आणि मी त्यावर करही वाचवला. तिला न विचारता.

मग आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. विम्यामुळे खिशातून फारसं काही गेलं नाही. चोपड्याहून शेजारच्या अक्का बघायला आल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पोरगा असावा तर असा! आमचा तर फोनही उचलत नाही." बहीण कॉटजवळ मोसंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हो ना. भाऊचं फार लक्ष असतं." तो टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आईच्या ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे तळायच्या पापडांचा, मोठा डबा माझ्याकडे यायला लागला. बहिणीला पिशवीत मोडके आणि चुरा.

यंदा नानांच्या जिन्याखाली उभं राहून मी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे भरायचं मी आणि वजावट तुला?"

"हो."

"मी कर नव्या पद्धतीनं भरते, मला वजावटीचा उपयोग नाही. पण विचारायचं तरी होतंस रे."

"विचारून चाललं नसतं. जो भरतो त्यालाच मिळते. मी मागचंही दुरुस्त करतोय. आणि आईलाही सांगतो."

"आईला नको! ती बंद करेल."

परत वर जाऊन नानांनाही सांगितलं. ते थोडे चिडले. "आधी बोलायचं ना! आता वाढीव कर बसेल." मग मागच्या तिन्ही वर्षांची अद्ययावत विवरणपत्रं त्यांनी भरून दिली. मी कर भरला. त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला.

रविवारी चोपड्याला गेलो. आई ओसरीत मिरच्यांची देठं काढत होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"बठ्ठा पैसा तिना?"

"सगळा तिचाच. पहिल्यापासून."

"मंग बंद कर."

या वयात नवा विमा मिळणं किती कठीण आहे, हे मी घाईघाईनं सांगत राहिलो. तिचं लक्ष नव्हतं.

"ऑपरेशनलेबी तिनाच?"

"हो."

ती उठली. फळीवरून माझ्यासाठी भरून ठेवलेला डबा काढून तिनं माझ्यापुढे ठेवला.

"हाऊ डबा तिले दी ये. लेकनं फुकट नई खात मी."

"आणि विमा?"

"ऱ्हाऊ दे."

मी डबा उचलला तेव्हा मागून आवाज आला, "तुले आते चुरा."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी आईसमोर मोकळा हसलो.

तसाच धुळ्याच्या गाडीत बसलो. रस्ता खराब, म्हणून डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला. बहिणीनं दारातच झाकण उघडलं, वरचे चार-पाच बिबडे उचलून खाली पाहिलं.

"एकही मोडला नाही," ती म्हणाली. "भाऊचं फार लक्ष असतं."

या वेळी तो टोमणाच होता. तिनं तेल तापत ठेवलं, आणि मी ओट्याशेजारी जाऊन उभा राहिलो.