समोरचं ताट

पनवेलच्या खानावळीत भेटणारे ते गृहस्थ मुंबईच्या प्रयोगशाळेत प्राचीन माणसांची हाडं तपासत. हाडांतल्या कार्बनवरून तो माणूस भात खायचा की बाजरी हे ओळखता येतं, असं त्यांनीच मला सांगितलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला असं ज्ञान फार मोलाचं वाटे.

समोर कोणी बसेपर्यंत ते जेवायला सुरुवात करत नसत.

"सायेब, भात निवला! कोन येनार हाय?" खानावळवाल्या मावशी ओरडत.

"कोणी नाही. बघू."

एकदा मी घरी जेवून नुसताच डोकावलो. त्यांचं ताट तसंच होतं. मी विचारलं, "हाडांवरून सगळं कळतं?"

"काय खाल्लं ते कळतं. कोणाबरोबर, ते नाही."

मी समोर बसलो. "मावशी, मलाही थोडा भात वाढा."

त्यांनी पहिला घास उचलला.