अण्णाने लावलेलं झुडूप

काल नर्सरीत ओळखीचा वास आला म्हणून वळून पाहिलं. एकाच झुडपावर जांभळी, फिकट आणि पांढरी फुलं. पाटीवर नाव होतं, ब्रुनफेल्सिया. मला ते पंचवीस वर्षं उशिरा कळलं.

तेव्हा बडोद्यात घरोघरी नुकती केबल आली होती. अण्णा, माझा थोरला भाऊ, बाजव्याला नोकरीला होता. त्याने कुठूनशी एक फांदी आणून नागरवाड्यातल्या आमच्या घरी तेलाच्या डब्यात लावली. "फुललं की नाव सांगेन," म्हणाला. ते फुलायच्या आधीच तो काविळीने गेला.

फाल्गुनात झुडूप भरून फुललं. नाव ठाऊक नसलेलं फूल आई देवाला वाहत नसे, म्हणून ती येईल त्याला नाव विचारायची. मला त्याची लाज वाटायची. शेजारच्या कोकिळाबेन म्हणाल्या, "नामनुं शुं काम छे, बेन? चढावी दो ने!"

एका सकाळी आईने ओंजळभर फुलं तोडली. मी चिडूनच विचारलं, "कळलं का शेवटी नाव?"

ती देव्हाऱ्यासमोरून पुढे गेली आणि तिने फुलं अण्णाच्या फोटोपुढे ठेवली.

"याला ठाऊक आहे," म्हणाली.