झाहारियामामांचे प्लम

अनिसियाला स्वस्थ बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मॉस्कोच्या बाजारानं मोल्दोव्हाच्या फळांना दार लावलं, तेव्हा तिथल्या ब्रिचेन गावच्या बऱ्याच व्यापाऱ्यांनी धंदा गुंडाळला. हिनं मात्र गावातल्या बागवाल्यांचा माल एकत्र करून जर्मनीची वाट धरली. तिकडे फळाच्या आकाराइतकीच फवारणीच्या औषधाची चौकशी. कोणतं मारलं, कधी मारलं, सगळं सांगावं लागे.

त्या ऑगस्टमध्ये प्लमचा ट्रक सकाळीच निघाला. झाहारियामामांच्या घरून तुदोरामामी रिकामे क्रेट न्यायला आल्या आणि सहज बोलून गेल्या, "पाऊस येईल म्हणून तुझ्या मामांनी तोडणीच्या आदल्याच दिवशी फवारून घेतलं बाई. कीड नाही पडली, सुटलो."

अनिसिया क्रेट मोजायची थांबली. त्या औषधानंतर दोन आठवडे फळाला हात लावायचा नसतो. सीमेवर त्याचा अंश सापडला तर सगळा ट्रक परत, आणि पुढे गावाची प्रत्येक गाडी संशयाची.

तिनं ड्रायव्हरला, प्रोफिरला, फोन लावला. "सीमेच्या आधी, प्रूत नदीच्या पुलाअलीकडच्या पेट्रोलपंपावर थांब. मी येते."

"अहो बाई, रोज कुठे तपासतात? एखादीच गाडी उघडतात."

"ती एखादी आपली निघाली तर?"

व्हॅन घेऊन ती सुसाट निघाली. वाटेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. वडील गेल्यावर मामांनीच तिला वाढवलं होतं. पंपावर पोचल्यावर क्रेटवरचे बागवाल्यांचे क्रमांक बघून तिनं आणि प्रोफिरनं मामांचा माल उतरवून व्हॅनमध्ये भरला. ट्रक पुढे गेला. ती व्हॅनभोवती येरझारा घालत राहिली.

प्रोफिरचा फोन आला, तो हसतच. "दारसुद्धा उघडलं नाही हो! कागद बघितले नि जा म्हणाले."

संध्याकाळी मामांच्या अंगणात व्हॅन उभी राहिली, तोवर बातमी पोचलेली होती.

"कुणी उघडलं नाही, कुणी बघितलं नाही," मामा कडाडले. "तू मात्र गावासमोर माझं तोंड काळं केलंस!"

"मामा, फळ औषधाचं होतं."

"मग इथल्या बाजारात विकतो. आपल्या माणसांना चालतं."

"आपल्या माणसांची पोटं काय लोखंडाची आहेत?"

मामा व्हॅनकडे वळले. एकेक क्रेट उचलून त्यांनी बागेमागच्या खड्ड्यात उपडा केला. तिनं मदतीला हात पुढे केला, तर तो बाजूला सारला. नाताळला त्यांनी तिला बोलावलं नाही. ईस्टरला चर्चच्या दारात समोरासमोर आले, तेव्हा मामा टोपी नीट करत निघून गेले.

जूनमध्ये मामी मागच्या दारानं आल्या. "अनिसिया, ते औषध मारल्यावर किती थांबायचं गं?"

"मामांनी विचारलंय?"

"ते कशाला विचारतायत! मी त्यांना सांगेन, रेडिओवर ऐकलं म्हणून."

अनिसियानं सगळं दोनदा समजावलं. मामी पुटपुटत, पाठ करत गेल्या. त्या हंगामात मामांचा माल दुसऱ्याच कुणाच्या हातून तिच्या शेडमध्ये आला. ट्रक भरायच्या आधीच तिनं त्यातले थोडे प्लम औषधाच्या तपासणीला पाठवून दिले, आणि निकाल येईपर्यंत दर थोड्या वेळानं फाटकापर्यंत जाऊन येत राहिली.