गोधडीचा घडीचा स्टँड

आमच्या घरात डोकं माझं आणि हात मंगलचे, अशी कामाची वाटणी आहे. (वाटणी मीच केली.)

मंगल, म्हणजे माझी बायको, गोधड्या शिवते. टाका असा बारीक, की मशीननं लाजावं! तिच्या बचत गटाला श्रीरामपूरच्या प्रदर्शनात एकच जागा मिळाली होती आणि त्या जागेवर शेजारच्या सुमनबाईंच्या पापडांचा डोळा होता. "काष्टीच्या बाजारातनं एक तरी ऑर्डर आन, जागा तुझी," असं गटाच्या अध्यक्षीणबाईंनी मंगलला सांगितलं. तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

अख्ख्या गोधड्या मोटरसायकलवर नेणार कशा? म्हणून तिनं नमुन्याचे सोळा चौकोन शिवले, प्रत्येकाची नक्षी वेगळी. ते टांगायला मी पाण्याच्या जुन्या पाइपांचा घडीचा स्टँड बनवला.

"जोडांना सोल्युशन लावलं का?" मंगलनं विचारलं.

"चिकटवल्यावर घडी कशी होणार? जरा डोकं वापर!"

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी हार समजतो, ही माझी जुनी चूक.

काष्टीच्या बाजारात आम्हाला जागा मिळाली ती नेमकी बैलबाजाराच्या तोंडाशी. स्टँड उभा राहिला! मी चार पावलं मागं सरून त्याचा फोटो काढत होतो, तेवढ्यात एका खोंडाची मान खाजली आणि त्यानं ती माझ्या स्टँडला घासली. पाइप बाजारभर पळाले. दोन तर कांद्याच्या टेम्पोखाली जाऊन चपटे झाले.

"आता कुठं लावू हे? तुमच्या टाळक्याला?" चौकोन झटकत मंगल ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खरंच लाज वाटली.

"लाव," मी म्हणालो.

मी हे भावनेच्या भरात म्हणालो होतो. तिनं सेफ्टी पिनांचं पाकीट काढलं! आठ चौकोन पोटावर, आठ पाठीवर.

"हळू श्वास घ्या, टाके तानत्यात! आन् आता फिरा."

फिरलो. एका आजींनी पाया पडून विचारलं, "कंच्या देवाचं म्हनायचं?" एकीनं हातावर भाकरी ठेवली. (खाल्ली. भूक लागली होती.)

शेवटी एक फेटेवाले शेतकरी थांबले. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, एक चौकोन उलटून टाका पाहिला. मंगल लगबगीनं पुढं आली.

"ताई, काम लई झ्याक हाय. माज्या बैलजोडीला अशाच दोन झुली पायजेत. पोळ्याच्या आत व्हतील?"

"व्हतील की!" मंगलनं लगेच टेप काढला. "पन माप?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्यांच्यावरच घ्या. फकस्त पोटाला चार बोटं कमी धरा."

श्रीरामपूरची जागा मंगलला मिळाली. झुली बैलांना होतील का, अशी मला धाकधूक होती. पण पोटाला चार बोटं कमी धरल्यामुळं अगदी बरोबर बसल्या!