किल्ली आणि उलटं विधान

पुढे जे लिहितो आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नाना बोलता बोलता उजवा तळहात समोर उताणा धरायचे आणि तव्यावरची भाकरी परतावी तसा पालथा करायचे. "उलटं करीसन देख," म्हणायचे. "तरी बी खरं शे का?" म्हणजे, उलटं करून बघ, तरीही खरं आहे का? चोपड्याच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मीही. त्यांची नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती. माझी अजून कायम झाली नव्हती. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. सगळे नानाच म्हणायचे.

नवं गणित शाळांत आलं त्या वर्षी आम्हा दोघांना उजळणी वर्गासाठी धुळ्याला पाठवलं. ऐन मे महिना, पत्र्याची खोली, फळ्यावर संच आणि जर-तरची विधानं. शेवटी परीक्षा. तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेला हा माणूस बाकावर बसला की घामाघूम व्हायचा. नापास झालो तर कोणत्या तोंडाने फळ्यापुढे उभा राहू, असं मला रोज विचारायचे. एकदा मात्र रिकाम्या संचाचं उदाहरण मागितल्यावर ते उठून म्हणाले, "साडेदहानंतरचा माझा डबा." शिकवणारे साहेबही हसले.

संध्याकाळी मी त्यांची उजळणी घ्यायचो. सुतळीची दोन वेटोळी ते एकमेकांवर अर्धी चढवून ठेवत. एकात खारं ते सगळं, दुसऱ्यात शेंगदाणे. मधल्या भागात खारे शेंगदाणे. उजळणी संपायच्या आत तो भाग रिकामा झालेला असायचा.

जर-तर मात्र त्यांच्या गळी उतरेना. चौथ्या दिवशी ते बाजारातून हसतच आले. "पिकेल केळं पिवळं शे. आते उलटं कर. पिवळं तेवढं बठ्ठं पिकेल केळंच शे का? मंग हळद?" तेव्हापासून तो तळहात सुरू झाला. परीक्षेत ते माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढे होते.

पुढच्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर शाळेच्या कपाटात ठेवले होते. किल्ली एकच, नानांकडे. त्याच कपाटात फळ्यावरचा लाकडी कंपास असायचा. एका दुपारी मी तो घ्यायला किल्ली मागून नेली. कपाट उघडलं, तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. नोकरीचंच काही असेल म्हणून मी धावलो. परत आलो तर कपाट तसंच उघडं, किल्ली लटकलेली. कुलूप लावून किल्ली नानांना दिली आणि गप्प राहिलो. दोन दिवसांनी गणिताचा पेपर गावात फिरत होता. तो कोणी काढला, मला आजही ठाऊक नाही.

चौकशीला संस्थेचे अध्यक्ष बसले. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं, सगळे शेठ म्हणत. मलाही बोलावलं होतं. मी टेबलाखाली पाय एकमेकांत अडकवून बसलो.

"पेपर ज्याने काढला त्याच्याजवळ किल्ली होती," शेठ म्हणाले. "किल्ली तुमच्याजवळ होती. आणखी काय राहिलं, मास्तर?"

नानांनी तळहात पुढे धरला. "शेठ, हे उलटं झालं. काढणाऱ्याकडे किल्ली असेलच. पण किल्ली असणारा प्रत्येक जण काढणारा नसतो."

शेठ माझ्याकडे वळले. "तुम्हीही धुळ्याला शिकून आलात. हे म्हणतात ते बरोबर आहे?"

बरोबर होतं. मीच शिकवलं होतं. पण बरोबर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : मग किल्ली आणखी कोणाकडे गेली होती?

"ते पुस्तकातलं झालं," मी म्हणालो. "इथे लागू होत नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. हात तसाच उताणा राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला.

त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. ते मुलाकडे, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, निघाले तेव्हा मी एस.टी. स्टँडवर गेलो. माझं नाव का घेतलं नाही, हे धीर करून विचारलं.

"किल्ली तुझ्याकडे होती, एवढंच मला माहीत शे," ते म्हणाले. "त्यावरून तू काढलास असं थोडंच ठरतं? तुझं नाव घेतलं असतं तर शेठ आणि मी सारखेच." तू काढलास का, हे त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून मूठभर खारे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि गाडीत चढले.

जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. नाना होते तोवर दोनदा दीपनगरपर्यंत गेलो, वसाहतीच्या फाटकाला हात लावून परतलो. मग ते गेल्याचं कळलं. गावात त्यांची आठवण निघते ती अजून 'पेपरवाले मास्तर' म्हणूनच.

शेठ आता थकलेत, पण रोज दुकानात बसतात. शाळेत जाता-येता मला दिसतात. त्या दुपारी कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, हे एक वाक्य त्यांच्यासमोर उभं राहून सांगणं मी नानांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.