गाल टेकायची जागा

मिस्त्रीच्या हाताखालून गेलेला बंदुकीचा दस्ता अंगाला बसणारच, अशी त्याची ख्याती. शिकारी असो की नेमबाज, आधी त्याचा हात कोपरात दुमडून माप घ्यायचा, मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगायचा. डोळे उघडल्यावर नजर नळीच्या रेषेत आली नाही, तर दोष लाकडाचा. गिऱ्हाइकाला त्याने कधी बोल लावला नाही. "अंग देवानं केलंय, दस्ता मी. चुकलो असेन तर मीच," म्हणायचा. बायको म्हणे, "एवढं नमतं घरात घेतलं असतं, तर संसाराचं सोनं झालं असतं."

धाकटी लेक नेमबाज निघाली, तेव्हा वर्षानुवर्षं जपलेलं अक्रोडाचं लाकूड त्याने तिच्यासाठी काढलं. असा दस्ता त्याने कुणालाच केला नव्हता. पण निवड चाचणीची तयारी सुरू झाली आणि तिचे नेम हुकायला लागले. "बाबा, गालाला टोचतंय. थोडं काढा ना," ती म्हणायची. तो कानस घेऊन बसायचा. काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. उन्हाळाभर हे चाललं. आपला हात गेला, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी गाल टेकतो तिथलं लाकूड इतकं पातळ झालं, की आणखी काढलं तर आतला बोल्ट उघडा पडला असता. नळी उतरवलेलीच होती. नुसता दस्ता तिच्या खांद्याला लावून तो पहिल्यांदाच समोर जाऊन उभा राहिला. तिची मान लाकडावरून पार पलीकडे गेली होती आणि नेमाच्या रेषेत उजव्या डोळ्याच्या जागी डावा आला होता.

"डावा मीट."

"बाबा..."

"मीट म्हणतो ना."

त्याने बोटं दाखवली. तिने अंदाजाने आकडा सांगितला, तोही चुकला.

"चाचणी तेवढी होऊ द्या," ती त्याचा हात धरून म्हणाली. "आईला सांगू नका. अजून थोडंच काढा."

आजवर त्याने लेकीचा शब्द कधी मोडला नव्हता. त्याने कानस खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. त्या दिवशी धाकटी त्याच्याशी बोलली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याचा पडदा सुटत आलाय, उरलीय तेवढी नजर राखता येते का बघू, म्हणाल्या. "अंधुक कधीपासून दिसतंय?"

"आठवडा झाला असेल," धाकटी म्हणाली.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "उन्हाळा लागला तेव्हापासून. तेव्हा मी पहिल्यांदा लाकूड काढलं."

बाईंनी मान वर केली. "इतकं नेमकं ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही आणलंत?"

त्याला लेकीकडे बघवेना. "मला वाटत होतं, माझंच काम चुकतंय."

"आणि मी तसंच वाटू दिलं," धाकटी म्हणाली.