न उडालेली गोळी

पिस्तूल रिकामं आहे की नाही, हे चाचा तीनदा पाहायचे. एकदा डोळ्यांनी, एकदा आत करंगळी घालून, आणि मग समोरच्या माणसाला दाखवून. नुकतंच स्वतःच्या हातांनी रिकामं केलेलं असलं तरीही. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा. मी रोज घाबरतो, म्हणून माझी दहा बोटं जागेवर आहेत."

कुवेतच्या एका नेमबाजी क्लबात नवशिक्यांच्या पाठीशी उभं राहणं, हे त्यांचं काम. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. साठीला आलेले, किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली. बोलताना दर वाक्याला 'शुवै शुवै', म्हणजे हळूहळू, असं म्हणत. कुवेती मुलं त्यांना अबू शुवै म्हणायची. आमचे ते शुवैचाचा झाले.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजाने. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आम्ही तिथल्या खैतान भागात राहत होतो. माझी मुलगी मृण्मयी चार वर्षांची होती. सात आठवडे आम्ही न्हाणीघरात गादी टाकून झोपलो, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती. गोळीबाराची तेव्हा सवय झाली होती. सवय झाली नाही ती गोळीबार थांबला की पसरणाऱ्या शांततेची. आता कुठून येणार, हे त्या शांततेत कळायचं नाही. लढाई संपल्यावर आम्ही भारतातून परत कुवेतला आलो, नवऱ्याची तेल कंपनीतली नोकरी पुन्हा सुरू झाली, पण दार आपटलं तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं.

आणि चौदा वर्षांच्या मृण्मयीला नेमबाजी शिकायची होती. कंपनीमुळे क्लबाची मेंबरशिप होतीच. "आई, इट्स ओन्ली पेपर टार्गेट्स," ती म्हणायची. मी महिनाभर नाही म्हटलं. मग नवरा म्हणाला, "तुझी भीती तिला कशाला देतेस?" मग मी क्लबाच्या फॉर्मवर सही केली.

पहिल्या शुक्रवारी चाचांनी टेबलावर फडकं अंथरलं आणि त्यावर दोन हत्यारं ठेवली. दोन्ही पॉइंट टू-टूची, म्हणजे सगळ्यात लहान काडतुसाची. एक लांब नळीचं, जडसं पिस्तूल. दुसरं आखूड रिव्हॉल्व्हर, गोळ्यांचं चाक असलेलं.

"लांब घ्या," चाचा म्हणाले. "पुढे वजन आहे, हातात उडत नाही. चाप हलका आहे, पोरीच्या बोटाला झेपेल."

मला त्या पिस्तुलाकडे बघवेना. त्याच्या गोळ्या मुठीच्या आत, दिसत नाहीत. एक उडाली की दुसरी आपोआप तयार. रिव्हॉल्व्हरचं चाक बाहेर काढलं की पितळेची बुडं एकेक मोजता येत होती. शिवाय त्याचा चाप घट्ट होता. घट्ट म्हणजे सुरक्षित, असा माझा हिशोब.

"घट्ट चाप ओढताना हात हलतो, बाय," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "पण तुमचा जीव ज्यात शांत राहील तेच घेऊ. मागे उभं राहणारं माणूस घाबरलेलं असलं, तर पुढच्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही."

मग त्यांनी आम्हा दोघींना एक नियम पाठ करायला लावला. या छोट्या काडतुसाचा ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. घाव नीट बसला नाही तर ते कधीकधी उडत नाही, किंवा उशिरा उडतं. "चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर हलायचं नाही. नळी समोर, बोट भायेर. तीस मोजायचे. आणि मागच्यांनी तोंड बंद ठेवायचं."

तीन शुक्रवार नीट गेले. मी पिवळ्या रेषेच्या मागे, कानांवर जाड झाकणं लावून, पर्स छातीशी धरून उभी असायची. प्रत्येक बाराला माझे खांदे वर जायचे. मृण्मयीचे मात्र खाली यायला लागले होते. चाचा तिच्या उजव्या हाताशी उभे. त्यांची नजर कधीही कागदावर नसायची, तिच्या बोटावर असायची.

चौथ्या शुक्रवारी त्यांनी पाच गोळ्या भरल्या. दोन उडाल्या. तिसऱ्या वेळी तिचं बोट आवळलेलं मला दिसलं, मी खांदे वर घेतले, आणि आवाज आलाच नाही.

मी नियम विसरले. ती शांतता मला सोसली नाही. मी ओरडले, "मृण्मयी!"

कानांवरच्या झाकणांतूनही तिला ते ऐकू गेलं. ती वळली. रिव्हॉल्व्हरसकट वळली. नळीचं छोटं काळं भोक माझ्या पर्सवर आलं. तिचं बोट अजून चापावरच होतं, आणि माझा चेहरा पाहून ती दचकली तशी मूठ आवळली गेली.

काही झालं नाही. चाचांचा डावा पंजा त्या चाकावर होता. त्यांनी ते असं गच्च आवळलं होतं की चाक फिरलं नाही, आणि चाक फिरल्याशिवाय चाप मागे येत नाही. त्यांनी तसंच धरून तिचा हात शुवै शुवै समोर वळवला, बोट सोडवलं आणि हलक्या आवाजात मोजायला लागले. वाहिद, इथ्नेन, तलाथा. तीस होईपर्यंत तिथे कुणी हललं नाही.

मग चाक उघडून त्यांनी पाचही काडतुसं टेबलावर ठेवली. तीन न उडालेली. त्यांतलं एक बुडाला चेपलेलं. पुढची दोन चांगली होती. चाक एक घर फिरलं असतं तर काय, ते मी मनातसुद्धा पुरतं करू शकले नाही.

चाचा भिंतीपाशी जाऊन खाली बसले. त्यांना पाणी दिलं तर पेला दातांवर वाजत होता. मृण्मयी रडत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मी पिवळ्या रेषेमागेच उभी राहिले.

थोड्या वेळाने ते उठले आणि मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे निघाले.

"चाचा, कुणी पाहिलं नाही," मी म्हणाले. "कशाला सांगता?"

"मी पाहिलंय ना," ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ते रेषेवर नव्हते. मागच्या खोलीत बसून तेलाच्या फडक्याने नळ्या पुसत होते. त्यांनी मुदीरला सांगितलं होतं, "माझं लक्ष चुकलं." माझ्या ओरडण्याचा उल्लेखच केला नव्हता. चौकशी चालू होती. नोकरी गेली की इकामा जाणार, आणि राहण्याचा तो परवाना गेला की देश सुटणार.

घरी नवरा म्हणाला, "आता तू मध्ये पडू नकोस. कंपनीत कळेल." त्याचंही खोटं नव्हतं. मी दोन दिवस त्याचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून एकटीच गेले. मुदीरनी टेबलासमोरची खुर्ची दिली. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं: मी ओरडले, म्हणून मुलगी वळली. त्यांनी ते अरबीत लिहिलं. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी सही केली. बाहेर येऊन टॅक्सीत बसले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

आमची मेंबरशिप गेली. मृण्मयी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. महिन्याने चाचा पुन्हा रेषेवर उभे राहिल्याचं कळलं.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला, पुन्हा लढाईच्या बातम्या येत असताना, ते कायमचे गावी निघाले. निरोप घ्यायला आमच्या घरी आले. चहा घेताना मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

"तेव्हा काही नाही. वाटायला वेळ खय होता? नंतर मात्र वाटलं. बरेच दिवस तेच स्वप्न पडायचं, आणि हात चाकावर पोचायच्या आधीच जाग यायची." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही मुदीरकडे गेलात ते मला कळलं होतं, बाय. माझं तेवढं धाडस झालं नसतं." मी फक्त त्यांना अजून चहा हवा का, विचारलं.

दीड वर्षाने मी त्यांनी दिलेल्या नंबरावर फोन केला. सुनेने उचलला. चाचा पावसाळ्याआधीच गेले होते, झोपेतच. मी कोण, हे तिने विचारलं. मी म्हटलं, कुवेतच्या क्लबातली ओळख.

"हां, क्लब," ती म्हणाली. "तिथे ते काय करायचे वो? आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. खेळाचं सामान सांभाळायचे, एवढंच म्हणायचे."

"हो," मी म्हटलं. "खेळाचंच सामान. फार जपून सांभाळायचे."